सारखा इरादा, सामाईक इरादा

सोलापूरच्या जिल्हा कोर्टात खुनाचे कागद चाळताना नवा ज्युनियर हमखास म्हणतो, "सर, चौघं सोबत होते, म्हणजे ३४ लागलंच की." एफआयआरमध्ये "सर्वांनी संगनमत करून" हे शब्द तर लिहिणाऱ्याच्या पेनातून आपोआप उतरतात. निकाल लागला की पेपरात येतं, 'कलम ३४ खाली जन्मठेप'. अहो, ३४ हा गुन्हाच नाही. इरादा सामाईक असेल तर एकाच्या हातून झालेलं कृत्य दुसऱ्याच्याही नावावर मांडण्याचा तो नियम आहे. शिक्षा होते जुन्या दंड संहितेच्या ३०२ खाली, म्हणजे खुनाच्या कलमाखाली, ३४ चा आधार घेऊन. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं १०३ आणि ३(५) लागतं. आकडे बदलले, नियम तोच.

परिस्थितीजन्य पुरावा, म्हणजे पाहणारा नसताना खुणा जोडून उभा केलेला, काय असतो ते बहुतेक वकिलांना पाठ असतं. सर्वोच्च न्यायालयातला शरद सारडा खटला, १९८४, पाच कसोट्या, पुराव्याची न तुटलेली साखळी. त्यात वेळ घालवत नाही. अडतं ते पुढे, अशा पुराव्यावरून सामाईक इरादा दाखवताना.

गोंधळाला थोडी मराठीही जबाबदार आहे. आपण 'समान इरादा' म्हणतो, आणि 'समान' शब्दात दोन अर्थ दडलेत. शेतकऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. बांधाच्या अलीकडे एक विहीर, पलीकडे एक, दोन्ही पन्नास फूट, तर त्या सारख्या. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं असलेली एकच विहीर असेल, तर ती सामाईक. सारख्या विहिरींतली एक आटली तरी दुसऱ्याच्या उसाला पाणी मिळतं. सामाईक विहिरीवर एकानं मोटर चालू केली की उपसा दोघांच्याही हिश्शातून होतो. ३४ ला लागतो तो सामाईक इरादा. म्हणून माझ्या ऑफिसात 'समान' शब्दाला बंदी आहे. 'हेतू'लाही आहे, कारण हेतू म्हणजे खून का केला त्याचं कारण. जमिनीचा वाद चौघांचाही मयताशी असू शकतो, त्यानं चौघांचा बेत एक ठरत नाही.

हा फरक पहिल्यांदा नीट सांगितला प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील कोर्टानं, महबूब शाह खटल्यात, १९४५ साली. सिंधू नदीकाठचं लव्हाळं कापून नेण्यावरून भांडण झालं. मार खाणाऱ्याची आरोळी ऐकून दोघं बंदुका घेऊन धावले. एकाच्या गोळीनं एक माणूस मेला आणि तो मारेकरी फरार झाला. दुसऱ्यानं, म्हणजे महबूब शाहनं, दुसऱ्याच माणसावर गोळी झाडून त्याला जखमी केलं होतं. तरी त्याला खुनासाठी फाशी सुनावली गेली. प्रिव्ही कौन्सिलनं खुनाची ती शिक्षा रद्द केली. आपल्या माणसाला सोडवावं असं दोघांच्याही मनात असेल, पण ते आपापल्या मनात. एकत्र ठरलेलं असं काही पुराव्यात नव्हतं. दोन सारख्या विहिरी.

याचा अर्थ आठ दिवस आधी बैठक बसायला हवी असा नाही. पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य, १९५४, या निकालात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी सांगितलं की मसलत ऐनवेळीही होऊ शकते, पण ती कृत्याच्या आधी झालेली असली पाहिजे आणि ती दिसली पाहिजे. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार असला तरी इरादा डोळ्यांना दिसत नाही, तो परिस्थितीवरूनच काढायचा असतो. साक्षीदारच नसेल तर अनुमानावर अनुमान चढतं: आधी खून यांनी केला, मग तो मिळून ठरवून केला. सरकार पक्ष बहुतेक वेळा पहिल्या साखळीवर दुसरीचंही ओझं टाकतो.

समजा, मोहोळजवळच्या ढाब्यावर रात्री दहाला पाच जण जेवताना मालकानं पाहिले. सकाळी पाचवा उजनीच्या कालव्यात सापडला, मानेवर वार. पहिल्याच्या शर्टावर मयताच्या रक्तगटाचं रक्त. दुसऱ्यानं उसाच्या फडातून कोयता काढून दिला. जीप तिसऱ्याची. चौथ्याचा मोबाईल साडेअकराला कालव्याजवळच्या टॉवरवर. ज्युनियरच्या मते केस पक्की.

शेवटचं सोबत पाहिलं, यावरून सोबत कळते, मसलत नाही. कोयता दुसऱ्यानं दाखवला, तर तो कुठे होता हे दुसऱ्याला ठाऊक होतं एवढंच. त्याचा मेमोरंडम पंचनामा, म्हणजे पंचांसमोर लिहून घेतलेलं त्याचं निवेदन, बाकी तिघांच्या गळ्यात घालता येत नाही. जीपमधून प्रेत नेलं असेल तर ते खुनानंतरचं काम. तेवढ्यानं तिसरा पुरावा नष्ट केल्याच्या जुन्या २०१ मध्ये, आताच्या २३८ मध्ये अडकेल, खुनात नव्हे. इथे सरकारी वकील जुन्या साक्ष कायद्याचं १०६ काढतात, नव्या साक्ष अधिनियमात ते १०९ आहे: "काय झालं ते यांनाच ठाऊक, सांगू दे." पण सरकारनं आपली साखळी उभी केल्याशिवाय ते कलम जागं होत नाही, आणि चौघांचं मौन जोडून एक बेत तयार होत नाही.

मी शोधतो ती वेगळी कडी. बेत नसता तर जिचा अर्थच लागला नसता, अशी. दुपारीच पोतं आणि दोरी विकत घेतलेली. ढाब्याआधी पहिल्या-दुसऱ्याचे फोनवर फोन. मयताच्या दोन्ही मनगटांवर आवळल्याच्या खुणा, म्हणजे एकानं धरलं आणि दुसऱ्यानं मारलं. कामाची अशी वाटणी दिसली की विहीर सामाईक. मग धरणारा कोण, हे मात्र शाबीत करावंच लागतं.

"तो तर नुसता बाहेर उभा होता" हा बचाव ऐकून तर मी कंटाळलोय. बारेंद्रकुमार घोषही हेच म्हणाला होता. १९२३ मध्ये कलकत्त्यात पोस्टमास्तरांना गोळ्या घातल्या गेल्या तेव्हा मी अंगणात होतो, असं. तो पिस्तुलासह पळताना पकडला गेला होता, आणि सुटला नाही. उलट सुरेश विरुद्ध उत्तर प्रदेश, २००१, मध्ये आरोपीची बायको रस्त्यावर उभी होती; तिला ३४ लागलं नाही. जागा दोघांचीही बाहेरचीच. तिचा बेतात वाटा होता हे दाखवणारं तिच्याविरुद्ध काही नव्हतं.

१४९ आणि कट हे विषय इथे घुसडू नका. पाच किंवा जास्त माणसं आणि बेकायदेशीर जमावाचं सामाईक उद्दिष्ट असेल तर जुनं १४९, तिथे आधीची मसलत लागत नाही. कटात ठरवणं हाच गुन्हा. तिन्ही कलमं एका दोषारोपात कोंबणाऱ्याला बहुधा एकही नीट शाबीत करायचं नसतं.

राहिला चौथा. त्याच्याविरुद्ध ढाब्यावरचं जेवण आणि एक टॉवर. टॉवरच्या टापूत चार-दोन गावं येतात, आणि त्यातल्याच एका गावात त्याची सासुरवाडी आहे. तपास अधिकाऱ्यानं ते विचारलंच नव्हतं.