शस्त्रक्रियेनंतर पोटात गॉज राहिला, तर गोव्यातून भरपाईचा दावा कसा करावा

गोव्यातल्या एका सरकारी इस्पितळातील परिचारिकेने 1993 मध्ये मुंबईत पित्ताशयातल्या खड्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. त्यानंतर पोट दुखतच राहिले. 2002 मध्ये सीटी स्कॅन झाले आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत पोटातून गॉज, म्हणजे रक्त टिपायचे जाळीदार कापड, निघाला. 2004 मध्ये त्यांनी 50 लाखांचा दावा लावला. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुदतबाह्य ठरवला. कारण असे दिले, की दुखणे पहिल्यापासून होते आणि स्वतः परिचारिका असूनही त्यांनी नऊ वर्षांत त्या सर्जनला एकदाही विचारले नाही.

मला हा निकाल कठोर वाटतो. दुखते म्हणून गोळी घेऊन कामावर जाणारी बाई आपल्या पोटात कापड आहे अशी शंका कशी घेणार? पण कायदा आज तिथेच उभा आहे, म्हणून आधी मुदतीचे सांगतो.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तक्रारीला 2 वर्षे मिळतात. आत राहिलेली वस्तू बाहेरून दिसत नाही, त्यामुळे ती सापडली त्या दिवसापासून किंवा साधी काळजी घेतली असती तर जेव्हा कळली असती तेव्हापासून ही मुदत मोजतात. भांडण होते ते यातल्या दुसऱ्या पर्यायावर, म्हणजे ‘कधी कळायला हवे होते’ यावर. म्हणून टाके काढल्यानंतरही ताप, पू किंवा दुखणे राहिले, तर त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि ओपीडीच्या कागदावर तक्रार लिहून घ्या. पुढे हाच कागद तुमच्या बाजूने बोलतो. उशीर झालाच, तर तक्रारीसोबत विलंबमाफीचा अर्ज जोडून कारणे द्यावी लागतात.

दावा कोण करू शकतो? पैसे भरून उपचार घेतलेला रुग्ण, आणि तो दगावला असेल तर त्याचे वारस. बिल विमा कंपनीने भरले तरी सेवा फुकट धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच हे स्पष्ट केले आहे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर खासगी इस्पितळात शस्त्रक्रिया झाली असेल, तर याच आधारावर मुद्दा मांडता येतो.

सरकारी इस्पितळाचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, ते इस्पितळ ग्राहक कायद्याखाली येत नाही. केसपेपरचे किरकोळ पैसे भरले म्हणून फरक पडत नाही. पण जिथे काही जणांकडून शुल्क घेतात आणि काहींना मोफत देतात, तिथला मोफत रुग्णही ग्राहक ठरतो. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागते, हे वकिलाला आवर्जून सांगा. दुसरा मार्ग सरकारवर दिवाणी दाव्याचा. त्याआधी साधारणपणे 2 महिन्यांची नोटीस द्यावी लागते. औरंगाबादच्या सरकारी इस्पितळात 1963 मध्ये कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये शासनाला जबाबदार धरले. टॉवेल आत राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा मानला गेला. अशा प्रकरणांत रुग्णाची बाजू इतर वैद्यकीय तक्रारींपेक्षा भक्कम असते ती यामुळेच. तज्ज्ञाचा अहवाल प्रत्येक वेळी सक्तीचा नसतो, मिळाला तर घ्यावाच.

आता कागद. भांडायच्या आधी कागद मागा, कारण वाद सुरू झाला की फाइल सापडेनाशी होते. इनडोअर केसपेपरची (भरती असतानाच्या नोंदींची) पूर्ण प्रत लेखी अर्ज करून मागा आणि पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे ती 72 तासांत द्यायची असते. नोंदी जपण्याचे बंधन मात्र 3 वर्षांचेच आहे, त्यामुळे जुन्या शस्त्रक्रियेबाबत एक आठवडाही दवडू नका. सरकारी इस्पितळ टाळाटाळ करत असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. नुसते डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. ऑपरेशन नोट, भूल दिल्याची नोंद, संमतीपत्र आणि विशेषतः गॉज-मॉप व हत्यारे मोजल्याची नोंद नावे लिहून मागा. पोट शिवण्याआधी ही मोजणी होते. ती नोंदच नसेल, किंवा आकडा जुळलेला दाखवला असूनही गॉज निघाला असेल, तर इस्पितळाला उत्तर देणे जड जाते.

दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या आधीच त्या सर्जनला विनंती करा, की निघालेली वस्तू फेकू नका, फोटो काढा, पॅथॉलॉजीला पाठवा आणि काय निघाले ते ऑपरेशन नोटमध्ये स्पष्ट शब्दांत लिहा. ‘फॉरेन बॉडी’ (बाहेरची वस्तू) एवढेच लिहिलेले असेल, तर ते गॉज होते की आणखी काही, यावर वर्षभर वाद चालतो. एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म, सीडी, दोन्ही इस्पितळांची बिले, औषधांच्या पावत्या, बुडालेल्या पगाराचा दाखला, गाडीभाडे, आधार कार्ड हेही जोडा. सोबत असणाऱ्या माणसाचा बुडालेला रोजही मागता येतो.

तक्रार उत्तर गोव्यासाठी पर्वरीच्या आणि दक्षिणेसाठी मडगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, किंवा ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन. शस्त्रक्रिया बेळगावला किंवा मुंबईला झाली असली, तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगात दाद मागता येते. पेडण्याच्या माणसाला मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. कोणता आयोग, हे मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, इस्पितळाला दिलेल्या पैशांवरून ठरते: 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग. बिल 5 लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्कच नाही. 10 लाखांपर्यंत 200 रुपये.

तक्रारीत तारखा क्रमाने लिहा, सर्जन आणि इस्पितळ दोघांनाही प्रतिवादी करा, शपथपत्र जोडा. वकील सक्तीचा नाही, पण वैद्यकीय प्रकरणात असावा. महिला, मुले, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन करा. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. निकाल कायद्यात लिहिलेल्या तीन-पाच महिन्यांत क्वचितच लागतो, तेवढी मनाची तयारी ठेवा. निकाल विरुद्ध गेला, तर पणजीच्या राज्य आयोगात 45 दिवसांत अपील करता येते.

गोवा मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केल्यास डॉक्टरांवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, पण पैसे मिळत नाहीत. मधल्या काळात इस्पितळाने ‘दुसरी शस्त्रक्रिया मोफत करून देतो’ म्हटले, तर उपचार जरूर घ्या. पण ‘यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.