कोराडीच्या हिशेबातले ८६०

नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक वीज केंद्रे आहेत. आत येणाऱ्या कोळशाची उष्णता तिथे किलोकॅलरीत (एक किलोकॅलरी म्हणजे किलोभर पाणी एक अंश सेल्सियस तापवणारी उष्णता) मोजतात, बाहेर जाणारी वीज युनिटमध्ये, म्हणजे किलोवॅट-तासांत. एका युनिटमागे किती किलोकॅलरी खर्ची पडल्या, तो आकडा म्हणजे 'हीट रेट'. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणून समजा हीट रेट २,४०० आला, तर ८६० ला २,४०० ने भागायचे: कार्यक्षमता साधारण ३६ टक्के. केंद्रात काम करणाऱ्याला हे ८६० तोंडपाठ असते. त्यामागचा इतिहास मात्र सहसा कुणी सांगत नाही, आणि तो सांगायलाच हवा इतका सुरस आहे.

अठराव्या शतकात उष्णता हा एक अदृश्य पदार्थ मानला जाई. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझियेने १७८९ मध्ये केलेल्या मूलद्रव्यांच्या यादीत 'कॅलोरिक' म्हणून त्याला जागाही दिली होती. त्याच सुमारास जेम्स वॉट वाफेच्या इंजिनांची ताकद घोड्यांशी ताडून सांगत होता: एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पाऊंड (एक पाऊंड वजन एक फूट उचलण्याचे काम म्हणजे एक फूट-पाऊंड). एकाच इंजिनाच्या एका टोकाला उष्णता, दुसऱ्या टोकाला काम; पण दोन्ही मापांना जोडणारा आकडाच नव्हता.

१७९८ मध्ये काउंट रम्फर्डने म्युनिकच्या तोफखान्यातले निरीक्षण प्रसिद्ध केले. बोथट हत्याराने तोफेचे पितळ कोरत राहिले की भोवतीचे पाणी अडीच तासांत उकळते, आणि यंत्र ओढणारे घोडे फिरत आहेत तोवर उष्णता संपतच नाही. पदार्थ असता तर तो कधीतरी संपायला हवा होता. तरीही जुनी कल्पना आणखी चाळीस-पन्नास वर्षे टिकली.

मग युलियस मायर हा जर्मन डॉक्टर आला. १८४० मध्ये जहाजावरून जावाला गेला असताना खलाशांचे शिरांतले रक्त नेहमीपेक्षा लाल दिसले. उष्ण प्रदेशात अंग गरम ठेवायला शरीराला कमी जाळावे लागते, असा अर्थ त्याने लावला आणि तिथून तो थेट उष्णता व कामाच्या नात्यापर्यंत पोचला. १८४२ मध्ये त्याने आकडा दिला: किलोभर पाणी एक अंश तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक किलो वजन ३६५ मीटर उचलण्याचे काम. खरा आकडा ४२७ च्या आसपास आहे. त्याने हिशेबात घेतलेली हवेच्या विशिष्ट उष्णतेची (ती एक अंश तापवायला लागणाऱ्या उष्णतेची) त्या काळची मोजमापेच सदोष होती, म्हणून उत्तर कमी आले. विचार पक्का होता.

जेम्स जूल बिअर बनवणाऱ्या घराण्यातला, मँचेस्टरजवळचा. त्याने वजने खाली सोडून पाण्यातली वल्ही फिरवली आणि पाणी किती तापले ते मोजले. वजने पुन्हा पुन्हा वर ओढून सोडली तरी तापमान जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट चढे. एवढ्याशा फरकावर भरवसा ठेवायचा तर थर्मामीटर आणि हात दोन्ही असामान्य हवेत. एक पाऊंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापवायला किती फूट-पाऊंड काम लागते, याची त्याची उत्तरे १८४३ पासून ८३८, ७७०, ८९० अशी हेलकावत होती. १८५० मध्ये तो ७७२ फूट-पाऊंडांवर स्थिरावला. आज हाच आकडा ७७८ आहे! नागपुरात १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, तोवर कोळसा आणि काम एकाच वहीत मांडणे शक्य झाले होते.

पण एक अडचण उरली. १८७९ मध्ये अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ रोलंडने दाखवले की पाणी एक अंश तापवायला लागणारी उष्णता प्रत्येक तापमानाला सारखी नसते. मग कॅलरी (किलोकॅलरीचा हजारावा भाग, ग्रॅमभर पाण्याची) कुठल्या अंशाची धरायची? १५ अंशांची ४.१८५५ जूल (ऊर्जेचे हे एकक त्याच जूलच्या नावाचे), रसायनशास्त्राची ४.१८४. बॉयलर-टर्बाइनवाल्यांना असला घोळ परवडणारा नव्हता. १९२९ मध्ये वाफेच्या गुणधर्मांची कोष्टके ठरवणाऱ्या लंडनच्या परिषदेने पाण्याचा नाद सोडून कॅलरी थेट विजेला बांधली: एक किलोवॅट-तास म्हणजे ८६० किलोकॅलरी. जो आकडा प्रयोगातून खणून काढावा लागत होता तो आता ठरवून घेतला गेला. १९५६ मध्ये कॅलरी नेमकी ४.१८६८ जूल ठरली. त्या हिशेबाने ८५९.८४५ येतात, पण व्यवहारात ८६० च राहिले.

उष्णतेसाठीही जूलच वापरावे असे १९४८ मध्येच ठरले होते. तरी जानेवारी २०१२ पासून देशातल्या कोळशाची प्रतवारी किलोग्रॅममागे ३०० किलोकॅलरींच्या पायऱ्यांनी होते. माझ्या मते ते योग्यच आहे: कोळसा विकणारा, घेणारा आणि जाळणारा तिघेही त्याच मापात बोलतात.

नागपूरच्या मे महिन्यात हा हिशेब उलटा चालतो. एक टनाचा एसी म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (एक बीटीयू म्हणजे एक पाऊंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापवणारी उष्णता), सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता खोलीबाहेर टाकणारा. पूर्वी एक अमेरिकन टन बर्फ दिवसभरात वितळताना जेवढी उष्णता शोषून घेई, तेवढी. हीटरमध्ये एक युनिट वीज ८६० किलोकॅलरीच देते. एसी मात्र उष्णता निर्माण करत नाही, नुसती हलवतो, म्हणून चांगला एसी तेवढ्याच विजेत तिच्या तिप्पट किंवा जास्तही उष्णता बाहेर काढतो.