थोरल्याची हाडं कुणाची?

कोरियन युद्धात सापडलेल्या दोन भावांची गोष्ट सांगणाऱ्या ‘तेगुकगी’ या दक्षिण कोरियाई चित्रपटाचा शेवट ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो खड्डा आठवत असेल. मातीतून वर आलेली हाडं, जवळ एक पेन, आणि काठाशी बसलेला, आता म्हातारा झालेला धाकटा भाऊ. पेनावरून खोदणाऱ्या पथकाला वाटलेलं असतं की हाडं त्याचीच. तो तर जिवंत. मग हा कोण, हे त्याला सांगावं लागत नाही.

चित्रपट आला 2004 साली, तेव्हा असे खड्डे ताजेच होते. युद्ध सुरू होऊन 50 वर्षं झाली त्या 2000 सालीच दक्षिण कोरियाने जुन्या रणभूमी उकरायला घेतल्या. 2007 पासून त्यासाठी सैन्याचं कायमचं पथक आहे. लाखाहून जास्त सैनिक अजून मातीतच आहेत. सापडले ते अकरा हजारांच्या आसपास, नाव परत मिळालं ते जेमतेम अडीचशेंना.

गोम पुढेच आहे. थोरला मरतो तो उत्तरेच्या गणवेशात. भावाला आपल्याच लोकांनी जाळलं या समजुतीने तो फिरलेला असतो, आणि धाकटा समोर दिसल्यावर बंदूक पुन्हा उत्तरेवर रोखतो. आता याला कुठल्या वहीत मांडायचं? पथक बटणं, बूट, काडतुसं बघून हाडांची बाजू ठरवतं. पलीकडची ठरली की ती सीमेजवळ पाजूला जातात, 1996 साली केलेल्या दफनभूमीत. तिथली थडगी उत्तरेकडे तोंड करून आहेत. लोकांच्या तोंडी ती ‘शत्रूंची दफनभूमी’; कागदोपत्री ‘उत्तर कोरियाई व चिनी सैनिकांची’. 2014 च्या मार्चमध्ये 437 चिनी सैनिकांचे अवशेष मायदेशी गेले. उत्तरेच्या पोरांची थडगी तिथेच आहेत आणि त्यांना ‘शत्रू’ हाच शब्द चिकटलेला आहे. पेन नसतं तर थोरलाही तिथेच गेला असता. चित्रपट हे बोलत नाही.

कोण कुणाचा, हा घोळ युद्धविरामाआधीचाच. ज्यांना परत जायचं नाही त्या कैद्यांना बळजबरीने धाडायचं का, यावर बोलणी वर्षाहून जास्त अडली. 27 जुलै 1953 ला युद्धविरामावर सही झाली आणि असे 22,604 कैदी, त्यांना सांभाळायला गेलेल्या भारतीय तुकडीच्या ताब्यात आले. तुकडीचा प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचा. त्या धामधुमीत 88 जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते भारतात आले.

सोलच्या युद्धस्मारकापाशी मिठी मारलेल्या दोन भावांचा पुतळा आहे. थोरला दक्षिणेचा अधिकारी, धिप्पाड, बंदूकधारी. धाकटा उत्तरेचा शिपाई, किरकोळ, निःशस्त्र. चित्रपटाने थोरल्यालाच पलीकडे धाडलं.