डीपीकेजी कॉन्फिगर की अ‍ॅप्ट फिक्स-ब्रोकन? दोन्ही एकदम ठोकू नका

उबुंटू लिनक्सवर एखाद्या पॅकेजचं (म्हणजे प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याचं) इन्स्टॉल मधेच अडकलं की आपण सगळे काय करतो, तर डीपीकेजी --कॉन्फिगर -ए आणि अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल एकामागून एक मारतो आणि कशाने बरं झालं ते कळतच नाही. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. डीपीकेजी हातात असलेलं पॅकेज बसवतो, अ‍ॅप्ट त्याच्या वर बसून लागेल ते नेटवरून आणतो.

आमच्या गोव्यातली चतुर्थीची माटोळी आठवा, गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती. सामान सगळं घरात आलंय पण बांधायचं राहिलंय, ते काम कॉन्फिगरचं. बांधायला बसल्यावर कळतं कवंडळंच (माटोळीला लागणारी रानफळं) आणली नाहीत आणि कोणाला तरी म्हापशाच्या बाजारात पिटाळावं लागतं, ते काम फिक्स-ब्रोकनचं. डीपीकेजी बाजारात कधी जातच नाही, नेटवरून काही आणणं त्याला माहीतच नाही.

जूनमध्ये डिचोलीला आमच्याकडे अपग्रेड चालू असताना लाईट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी तर कधीचीच मेलेली. परत चालू केल्यावर अ‍ॅप्टनेच सांगितलं की आधी कॉन्फिगर -ए चालवा, चालवलं, पाच मिनिटांत झालं. फाईली उघडून जागच्या जागी होत्या, फक्त पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट, म्हणजे फाईली उघडल्यावर पॅकेजची उरलेली मांडणी करणारी, चालायची राहिली होती.

पण ती स्क्रिप्ट चालून फेल झाली असेल तर गोष्ट वेगळी. डीपीकेजी -एलच्या यादीत पॅकेजपुढे दुसरं अक्षर यू असेल तर नुसतं उघडलंय, एफ असेल तर कॉन्फिगर करताना आपटलंय. एफवाल्याला कॉन्फिगर -ए दहा वेळा मारा, तीच स्क्रिप्ट त्याच जागी परत आपटणार. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे भरलेलं बूट पार्टिशन, नवीन कर्नल (सिस्टिमचा गाभा) आला, इनिट्रॅमएफएस (सुरू होताना कर्नलला लागणारी फाईल) बनवायला जागा नाही, एक्झिट स्टेटस १, म्हणजे स्क्रिप्ट फेल. फिक्स-ब्रोकनही इथे उताणं पडतं. एरर तळाशी नाही, दहा ओळी वर बघा, जागा नाही असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. यूनेम -आरने चालू कर्नल कुठला ते बघा, तो सोडून एखादा जुना डीपीकेजी --पर्जने काढा, मग कॉन्फिगर -ए. काही जण पोस्टइन्स्टमध्ये वरच एक्झिट ०, म्हणजे 'सगळं ठीक', लिहून मोकळे होतात. एरर जातो हो, पण कर्नलचा इनिट्रॅमएफएस बनलेलाच नसतो आणि रीबूट केल्यावर बसा बोंबलत.

फिक्स-ब्रोकनची खरी जागा म्हणजे बाहेरून आणलेली डेब फाईल (पॅकेजचीच फाईल) डीपीकेजी -आयने टाकली आणि डिपेंडन्सी, म्हणजे तिला लागणारी बाकीची पॅकेजं, नाहीत. फोंड्याला एका मित्राच्या डीटीपीच्या दुकानात प्रिंटर ड्रायव्हरचं असंच झालं, मी फोनवरच फिक्स-ब्रोकन मारायला सांगितलं आणि त्याने न वाचता वाय दाबलं. हवी ती लायब्ररी अ‍ॅप्ट जिथून पॅकेजं आणतो त्या रिपॉझिटरीत नव्हतीच, म्हणून अ‍ॅप्टने ड्रायव्हरच काढून टाकला. एरर गेला म्हणून गडी खूश, आणि अर्ध्या तासाने परत फोन, "अरे, प्रिंटरच दिसत नाही!"