मागच्या स्क्रीनवर भिंग लावलं की फोटो जास्त शार्प येतो?

फिरत असलेला समज असा: कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर भिंगाचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) बसवला, की त्याला डीएसएलआरसारखा, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यासारखा, ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर मिळतो आणि फोटो अधिक शार्प येतात.

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरसा आणि प्रिझममार्फत थेट डोळ्यापर्यंत पोहोचतो. इथे मात्र आपण स्क्रीनच पाहतो, फक्त मोठी करून. भिंग लेन्स आणि सेन्सर (फोटो टिपणारी चिप) यांच्या वाटेत कुठेच येत नाही, त्यामुळे फोटोचा दर्जा ते बदलू शकत नाही. तपशीलही वाढत नाही. ९.२ लाख डॉटची स्क्रीन म्हणजे ६४० बाय ४८० पिक्सेल, कारण प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट लागतात. भिंगातून तेवढेच पिक्सेल मोठे दिसतात, कधीकधी त्यांची जाळीसुद्धा.

मग समज पसरला कसा? कारण फायदा खरा आहे. भर उन्हात स्क्रीन नीट दिसते, फोकस चुकला तर लगेच कळतं, आणि कॅमेरा डोळ्याला टेकल्याने हात कमी हलतो. व्हिडिओवाल्यांना तर ते हवंच.

पडताळायचं असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, फोकस मॅन्युअल करून तसाच राहू द्या, टायमर लावा. एक फोटो भिंगासह, एक भिंगाविना. दोन्ही कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे करून पाहा. फरक सापडणार नाही. फोकस बारकाईने तपासायला स्क्रीनवरचं चित्र मोठं करून दाखवणारं कॅमेऱ्यातलं झूमचं बटण जास्त उपयोगी. आणि हो, भिंग सूर्याकडे तोंड करून ठेवू नका, स्क्रीन जळू शकते.