कापलेल्या पट्टीवर नाव नसतं

माझी भाची अकरावीत असताना एका दुपारी पाळीची गोळी घेऊन झोपली आणि तासाभरात उठली ती ओठ सुजवून, अंगभर लाल चट्टे घेऊन. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "कोणती गोळी घेतली?" तिने पर्समधून पट्टीचा तुकडा काढून दिला. मेडिकलवाल्याने दहाच्या पट्टीतून कात्रीने दोन गोळ्या कापून दिल्या होत्या. एक खळगा रिकामा, एकात गोळी, आणि मागच्या चंदेरी कागदावर नावाची शेवटची दोन अक्षरं. घटक, मात्रा, तारीख, सगळं उरलेल्या आठ गोळ्यांबरोबर दुकानातच राहिलं होतं.

संध्याकाळपर्यंत सूज उतरली, ती घरी आली. पण तिचं एक वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. "मावशी, मला नाव माहीतच नव्हतं. मी फक्त 'पाळीची गोळी द्या' म्हटलं."

'पाळीची गोळी' या नावाचं औषध जगात कुठेही नाही. आपल्याकडे या नावाने जे हातात पडतं ते बहुतेक वेळा मेफेनामिक ॲसिड असतं. एकटं, नाहीतर पोटाचा मुरडा थांबवणाऱ्या दुसऱ्या औषधाबरोबर. मुलींच्या तोंडी असलेल्या 'मेफ्टाल-स्पास'मध्ये २५० मिलिग्रॅम मेफेनामिक ॲसिड आणि १० मिलिग्रॅम डायसायक्लोमिन असतं. कोणी आयब्युप्रोफेन घेतं, कोणी डायक्लोफेनॅक, कोणी नुसतं पॅरासिटामॉल. मेफेनामिक ॲसिड कायद्याने 'शेड्यूल एच'मध्ये येतं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचं नाही. व्यवहारात ते खोकल्याच्या गोळीइतक्या सहज मिळतं, आणि काउंटरवर हलक्या आवाजात मागितलं जातं, म्हणून त्याबद्दल चार प्रश्न विचारायचंही राहून जातं.

हे लिहिण्यामागे गोळीची भीती घालण्याचा हेतू अजिबात नाही. ओटीपोटात कळा येत असताना मुलीला "सहन कर, बाईच्या जातीला हे असायचंच" असं सांगणं मला क्रूर वाटतं. या गोळ्या खरोखर काम करतात. कॉक्रेन संस्थेने २०१५ साली ८० चाचण्या एकत्र तपासल्या. दिखाऊ गोळी घेतलेल्या शंभरातल्या साधारण १८ जणींना आराम पडला, तर मेफेनामिक ॲसिड, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या गटातली खरी गोळी घेतलेल्यांत ४५ ते ५३ जणींना. दुष्परिणामांचं प्रमाण दिखाऊ गोळीत शंभरात दहाच्या आसपास आणि खऱ्या गोळीत ११ ते १४. ज्या तरुण, निरोगी मुलीला महिन्यातून दोन दिवस गोळी लागते, तिच्यासाठी हा हिशेब चांगलाच आहे. प्रश्न येतो तो शरीरात आधीच काही बिनसलेलं असतं तेव्हा, किंवा दोनाचे आठ दिवस होतात तेव्हा. तो का येतो हे कळण्यासाठी आधी कळ कशी उठते ते पाहावं लागतं.

१९५७ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डचे व्ही. आर. पिकल्स यांनी पाळीच्या स्रावावर काम करून दाखवलं की त्यात स्नायू आकुंचन पावायला लावणारा एक पदार्थ असतो. ज्या स्रावाकडे पाहायलाही लोक तयार नव्हते, तो कोणीतरी बाटलीत घेऊन तपासला, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पुढे कळलं की ही प्रोस्टाग्लँडिन्स आहेत. पाळीआधी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन घसरतं, गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशी मोडू लागतात, त्यांच्या भिंतीतून एक स्निग्धाम्ल सुटं होतं आणि सायक्लो-ऑक्सिजनेज नावाचं विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिन्स बनवतं. ती गर्भाशयाचा स्नायू पिळतात. पिळा इतका घट्ट बसू शकतो की गर्भाशयातला दाब रोहिणीतल्या रक्ताच्या दाबावरही जातो, स्नायूला क्षणभर रक्त मिळत नाही आणि तो कळवळतो. रक्ताअभावी हृदयाचा स्नायू दुखतो, तशातलंच हे दुखणं. काही प्रोस्टाग्लँडिन्स रक्तात उतरतात, म्हणून पाळीच्या पहिल्या दिवशी कित्येकींना जुलाब होतात, मळमळतं, डोकं धरतं. पहिल्या ४८ तासांत त्यांचा जोर सर्वात जास्त असतो.

गोळी ते विकरच अडवते. ॲस्पिरिन असंच काम करतं हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवलं आणि १९८२ चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्याबरोबर मिळालं. आता यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. गोळी नवं प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, पण बनून गेलेल्याला काही करत नाही. सकाळी कळ सुरू झाली, दुपारपर्यंत दात-ओठ खाऊन काढली आणि अगदीच असह्य झाल्यावर गोळी घेतली, तर ती उशिरा लागू पडते. मग "एकीने काय होतंय" म्हणून तासाभरात दुसरी पोटात जाते. सहन करण्याच्या कौतुकापायी मात्रा वाढते, हे मी घरात पाहिलेलं आहे.

आणि दुष्परिणामाचं मूळही इथेच आहे. प्रोस्टाग्लँडिन्स फक्त गर्भाशयात बनत नाहीत. जठरात ती आतल्या बुळबुळीत थराची डागडुजी करतात, आम्ल थोपवतात, तिथला रक्तपुरवठा राखतात. मूत्रपिंडात रक्तवाहिनी उघडी ठेवतात. गोळीला ओटीपोटाचा पत्ता ठाऊक नसतो. ती रक्तातून सगळीकडे जाते आणि सगळीकडे हेच करते.

जठराचं आपल्याला थोडंफार माहीत असतं. "रिकाम्या पोटी घेऊ नकोस" हे आई सांगतेच, आणि ते बरोबरही आहे. जेवणानंतर गोळी घेतली की जळजळ, मळमळ कमी होते. पण त्यात एक गैरसमज दडलेला आहे. गोळी जठराला चिकटून खरचटते म्हणून अल्सर होतो, असं बहुतेकांना वाटतं. मुख्य नुकसान रक्तामार्गे, संरक्षक थर पातळ झाल्यामुळे होतं. याच गटातलं औषध इंजेक्शनने दिलं तरी जठराला व्रण पडू शकतो. म्हणजे पोटभर जेवून आठ-दहा दिवस रोज गोळ्या घेणारी सुरक्षित नाही. त्यातही श्रावणी सोमवार किंवा एकादशी असली की कोऱ्या चहाबरोबर गोळी जाते आणि दिवसभर पोटात साबुदाण्याच्या दोन घासांखेरीज काही नसतं. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं तर आत रक्तस्राव होत असू शकतो. मात्र लोहाच्या गोळ्या चालू असतानाही शौचाचा रंग काळपट होतो, हे डॉक्टरांना सांगायला हवं, नाहीतर दोघांचीही दिशाभूल होते.

मूत्रपिंडाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. अंगात पाणी पुरेसं असतं तेव्हा मूत्रपिंडाला प्रोस्टाग्लँडिन्सची फारशी गरज पडत नाही. पाणी कमी पडलं, उलट्या-जुलाब झाले, घाम खूप गेला, की शरीर इतर रक्तवाहिन्या आवळतं आणि मूत्रपिंडाकडे जाणारी वाट प्रोस्टाग्लँडिन्सच्या जोरावर उघडी राहते. नेमकं त्याच वेळी गोळी घेतली तर ती वाटही आवळते. पाळीच्या पहिल्या दिवशी ओकाऱ्या आणि जुलाब होणाऱ्या मुलीने आधी पाणी, सरबत, मीठ-साखरेचं पाणी पोटात ठरतं का ते पाहावं, मग गोळी.

इथे मला नेहमी मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका आठवतात. कामाचा दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड, कापला जातो, म्हणून पाळीतही मोळ्या वाहायच्या. फडात आडोसा नाही, म्हणून लघवीला जावं लागू नये यासाठी पाणीच कमी प्यायचं. वर ऊन, आणि कमरेच्या कळांवर गोळी. बीड जिल्ह्यातल्या या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं २०१९ साली गाजलं, सरकारने समिती नेमली. गर्भाशयाची चर्चा झाली ती व्हायलाच हवी होती. पण तहानलेल्या अंगावर वर्षानुवर्षं दुखण्याची गोळी घेणाऱ्या त्या बाईचं मूत्रपिंड कोणी तपासलं, हे मला विचारावंसं वाटतं.

जोडगोळीतल्या दुसऱ्या औषधाचं, डायसायक्लोमिनचं, काम वेगळं. ते स्नायूंना आकुंचनाचा संदेश देणाऱ्या मज्जातंतूंना थोपवतं. तोंड कोरडं पडतं, डोळ्यांसमोर धूसर होतं, गुंगी येते, लघवी अडखळते, बद्धकोष्ठ होतं. घामही कमी येतो, त्यामुळे कडक उन्हात अंग तापत जातं. परीक्षेच्या दिवशी गोळी घेतल्यावर फळ्यावरची अक्षरं पुसट दिसली असं एखादी सांगते तेव्हा ती घाबरलेली आहे असं समजू नये. ते या औषधाचं नेहमीचं लक्षण आहे, आणि ज्यांना ते त्रासदायक होतं त्यांनी जोडगोळीऐवजी एकट्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावं. गोळी घेऊन स्कूटर चालवण्याआधीही दोनदा विचार करावा.

३० नोव्हेंबर २०२३ ला गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनामिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली आणि आठवडाभर व्हॉट्सॲपवर "पाळीची गोळी जीवघेणी" असे निरोप फिरत राहिले. सूचना 'ड्रेस' नावाच्या ॲलर्जीबद्दल होती. ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, गाठी, रक्तात इओसिनोफिल पेशींची वाढ आणि यकृतासारख्या अवयवांना इजा, असा तो आजार. तो दुर्मिळ आहे, आणि इतर औषधांनीही, विशेषतः काही फिटांवरच्या गोळ्यांनी होतो. पण त्याची एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. तो साधारण दोन ते आठ आठवड्यांनी उगवतो. तोवर गोळी घेतल्याचं विसरायला झालेलं असतं, आणि ताप-पुरळ पाहून घरात गोवर नाहीतर डेंगी म्हणतात. माझ्या भाचीला झाली ती वेगळी, तासाभरात उठणारी ॲलर्जी. अशी एकदा झाली की ते औषध पुन्हा घ्यायचं नाहीच, आणि त्याच गटातलं दुसरंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

दमा असलेल्यांनी तर जास्तच जपायचं. प्रौढ दमेकऱ्यांतल्या शंभरातल्या साधारण सात जणांना या गटातल्या औषधाने दम्याचा झटका येतो. विकराची एक वाट बंद झाली की तेच स्निग्धाम्ल दुसऱ्या वाटेने जाऊन श्वासनळ्या आवळणारे पदार्थ वाढवतं. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या चाळिशीतल्या बायकांनीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. पीसीओडीसाठी इस्ट्रोजेन असलेल्या हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावं. डेन्मार्कमधल्या सुमारे २० लाख स्त्रियांच्या नोंदी तपासणाऱ्या २०२३ च्या अभ्यासात अशा जोडीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला दिसला, जरी एकेकीपुरता तो कमीच होता. ॲस्पिरिन पाळीत नकोच, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. आणि पाळी चुकलेली असताना ओटीपोटात दुखू लागलं, तर "आता येईलच" म्हणून गोळी घेण्याआधी गर्भचाचणी करावी. गर्भ नळीत रुजला असेल तरी सुरुवात अशाच दुखण्याने होते, आणि तिथे गमावलेला वेळ जिवावर बेततो.

सगळ्यात सर्रास होणारी चूक अगदी साधी असते. सकाळी आईने दिलेली एक, दुपारी मैत्रिणीने दिलेली दुसरी. रंग वेगळा, नाव वेगळं, म्हणून औषधही वेगळं वाटतं. एकीत मेफेनामिक ॲसिड आणि दुसरीत आयब्युप्रोफेन असेल तर दोन्ही एकाच गटातली, एकाच विकरावर बसणारी. आराम दुप्पट होत नाही, जठरावरचा आणि मूत्रपिंडावरचा भार मात्र वाढतो. मेफेनामिक ॲसिडची मात्रा फार झाली तर झटकेही येतात. पॅरासिटामॉल या गटाबाहेरचं, जठराला सौम्य, पण ते सर्दीच्या गोळीत, तापाच्या गोळीत, आयब्युप्रोफेनच्या जोडगोळीतही लपलेलं असतं. दिवसाला चार ग्रॅमच्या वर गेलं की यकृताची धडगत नसते, आणि किरकोळ अंगाच्या मुलीसाठी ही हद्द आणखी अलीकडे असते.

मेफेनामिक ॲसिड पाळीसाठी साधारणपणे दोन ते तीन दिवस घ्यायचं औषध आहे, कारण प्रोस्टाग्लँडिन्सचा भरही तितकाच असतो. चौथ्या-पाचव्या दिवशीही गोळी लागत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, शौचाला किंवा शरीरसंबंधाच्या वेळी दुखत असेल, दरवर्षी गोळ्यांची संख्या वाढत असेल, तर ते दुखणं वेगळं असू शकतं. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते, त्या एंडोमेट्रिओसिसचं निदान व्हायला अनेकींची कित्येक वर्षं जातात. त्या वर्षांत घरच्यांनी "सगळ्यांनाच दुखतं" म्हटलेलं असतं आणि गोळीने महिना ढकललेला असतो. हाही मी गोळीचा दुष्परिणामच धरते, फक्त तो पाकिटावर छापलेला नसतो.

औषधाने त्रास झाला तर त्याची नोंद रुग्ण स्वतः करू शकतो, हे आमच्या घरात त्या दिवसापर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. औषधसंहिता आयोगाचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक निःशुल्क आहे. तिथे पहिल्यांदा विचारतात ते औषधाचं नाव, म्हणजे परत त्या पट्टीवर येतो आपण.

भाची आता पुण्यात वसतिगृहावर राहते. मागच्या महिन्यात तिने मला फोटो पाठवला. दुकानाच्या काचेच्या काउंटरवर पालथी ठेवलेली पॅरासिटामॉलची अख्खी पट्टी, त्यावरची बारीक अक्षरं वाचता येतील इतकी जवळून टिपलेली, आणि कोपऱ्यात हवेतच थांबलेली मेडिकलवाल्याची कात्री.