पातळ सोलचे बूट आणि २०१४ची तडजोड

सकाळी टेकडीवर माझे बूट दिसले की ओळखीचा कुणी ना कुणी धावपटू थांबून म्हणतो, "हे बूट तर कोर्टात हरले होते ना?" मी २०१२पासून पातळ सोलच्या बुटांत धावतो आणि हे वाक्य २०१४पासून ऐकतो आहे. ते चुकीचं आहे. खटला झाला होता, पण तो २०१४मध्ये तडजोडीने मिटला. पण इतकं पसरलंय की त्यामागचा क्रम एकदा नीट लिहून काढावासा वाटला.

जुना इतिहास थोडक्यात. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या एका धावपटूने अनवाणी मॅरेथॉन जिंकली. चार वर्षांनी टोकियोत त्यानेच बूट घालून ती पुन्हा जिंकली, तीही तीन मिनिटं लवकर. अनवाणी धावण्याचे समर्थक फक्त रोम सांगतात आणि विरोधक फक्त टोकियो. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेत हौशी धावणाऱ्यांची लाट आली, बुटांत फोम आला, टाच जाड होत गेली आणि चवड्यापेक्षा १०-१२ मिलिमीटर उंच टाच हे सर्वसाधारण माप ठरून गेलं.

खरी गोष्ट सुरू होते २००४-०६च्या सुमारास. विद्यापीठातले धावपटू सरावात हिरवळीवर अनवाणी पळतात हे पाहून एका मोठ्या अमेरिकी कंपनीने वाटेल तसा वाकणारा सोल बाजारात आणला. सोल बनवणाऱ्या एका इटालियन कंपनीने पाच बोटांचा बूट आणला, हातमोज्यासारखा. तो काही मॅरेथॉनवाल्यांसाठी काढलेला नव्हता. नावेच्या डेकवर पाय घसरू नये, असाही त्याचा एक उपयोग सांगितला जायचा. धावणाऱ्यांनी तो आपणहून उचलला.

मग २००९मध्ये मेक्सिकोच्या खोल दऱ्यांमधल्या रारामुरी लोकांविषयी एक पुस्तक गाजलं. ते वाचून असंख्य लोकांनी बूट काढून टाकले. पण रारामुरी अनवाणी पळत नव्हते. टायर कापून केलेला, वादीने घोट्याला बांधलेला सँडल त्यांच्या पायात होता. जानेवारी २०१०मध्ये एका नामांकित विज्ञान नियतकालिकात निबंध आला: लहानपणापासून अनवाणी पळणारे लोक बहुधा चवड्यावर किंवा पूर्ण पावलावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा पहिला हादरा कमी बसतो. दुखापती कमी होतात हे त्यात सिद्ध केलेलं नव्हतं. ते तपासायला वेगळे अभ्यास लागतील, असंच लेखकांचं म्हणणं होतं. संशोधनाच्या खर्चाचा काही भाग त्याच इटालियन सोल कंपनीकडून आला होता, आणि ते उघड नमूदही केलेलं होतं. बातम्यांमधून मात्र "अनवाणी धावा, दुखापत टाळा" एवढंच उरलं. तीन वर्षांनी उत्तर केनियातल्या, कायम अनवाणी राहणाऱ्या ३८ जणांना धावायला लावलं, तेव्हा सोयीच्या वेगाने पळताना बहुतेक जण टाचेवरच उतरत होते. त्या निबंधाचं कुणी फारसं नावही घेतलं नाही.

मी पहिली जोडी घेतली ती या लाटेतच. करंगळी तिच्या कप्प्यात घालायला सुरुवातीला दोन-दोन मिनिटं लागायची. सोल चार मिलिमीटरच्या आसपास. मुरमाडी वाटेवरचा एकेक खडा कळायचा. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या इतक्या धरल्या की जिना उतरताना कठड्याला धरावं लागे. तो त्रास गेला तेव्हा मला वाटलं, पाय तयार झाले, आणि मी जुन्या बुटांतलं सगळं अंतर या बुटांत पळायला लागलो. सहाव्या आठवड्यात डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या मागे, अंगठ्याने दाबलं की कळ यायची. पावलाच्या लांब हाडावर ताण आला होता. दोन महिने धावणं बंद. खोक्यात आलेल्या माहितीपत्रकात सवय हळूहळू करा असं लिहिलेलं होतं, पण किती हळू, ते कळायला मला पुढचं दीड वर्ष लागलं.

हे माझ्या एकट्याचंच होतं असं नाही. २०१३मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. ३६ अनुभवी हौशी धावपटू, १० आठवडे. पाच बोटांच्या बुटांकडे वळलेल्या १९ जणांपैकी १० जणांच्या पावलातल्या हाडांमध्ये एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. स्नायू काही आठवड्यांत जुळवून घेतात, हाडाला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पोटरीचं दुखणं थांबलं याचा अर्थ हाड तयार झालं असा होत नाही.

आता त्या खटल्याविषयी. मार्च २०१२मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फेडरल कोर्टात पाच बोटांच्या बुटांच्या कंपनीवर ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा दाखल झाला. आरोप फसव्या जाहिरातीचा होता. या बुटांनी पायाचे आणि पोटरीचे स्नायू बळकट होतात, तोल सुधारतो, दुखापतीचा धोका कमी होतो, असं जाहिरातीत सांगितलं होतं. त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही आणि या आश्वासनांच्या जोरावर आमच्याकडून जास्त पैसे घेतले, असं दावेदारांचं म्हणणं. बुटांनी पाय मोडला, त्याची भरपाई द्या, असा तो दावा नव्हता.

मे २०१४मध्ये तडजोड झाली. कंपनीने ३७.५ लाख डॉलर बाजूला काढायचे, मार्च २००९नंतर जोडी घेतलेल्यांना परतावा द्यायचा, आणि भरवशाचा शास्त्रीय पुरावा हाती असल्याशिवाय स्नायू बळकट होतात किंवा दुखापत टळते असे दावे करायचे नाहीत. कंपनीने चूक मान्य केली नाही. साक्षीपुरावे होऊन निकाल लागला नाही. बूट चांगले की वाईट, हा प्रश्न न्यायालयाने ठरवला नाही, त्याच्यासमोर तो त्या रूपात आलाच नव्हता. एका जोडीला जास्तीत जास्त ९४ डॉलर मिळतील अशी बातमी झाली होती. अर्ज इतके आले की प्रत्यक्षात लोकांच्या हाती जोडीमागे साडेआठ डॉलरसुद्धा पडले नाहीत.

माझ्या मते या प्रकरणात दोन अगदी वेगळे दावे एकाच गाठोड्यात बांधले गेले. पाय बळकट होतात हा एक दावा आणि दुखापत कमी होते हा दुसरा. तडजोडीत दोन्ही एकत्र गेले आणि लोकांच्या मनातून दोन्ही एकत्रच बाद झाले. पुढे त्यांचं नशीब सारखं राहिलं नाही. २०१९मध्ये एका अभ्यासात दिसलं की अशा बुटांत नुसतं रोज चालल्यानेही पावलाचे लहान स्नायू वाढतात, खास व्यायाम केल्याइतकेच. हाडांची सूज दाखवणाऱ्या २०१३च्या अभ्यासातले काही संशोधक यातही होते. २०२१मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासात सहा महिने रोजच्या वापरानंतर बोटांची पकड सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली. म्हणजे २०१४मध्ये जो दावा करायला पुरावा नव्हता, त्यातला अर्धा पुढे खरा निघाला, तोही धावून नव्हे तर चालून. उरलेला अर्धा अजून तिथेच आहे. ऑस्ट्रेलियात ६१ प्रशिक्षित धावपटूंवर २६ आठवडे केलेल्या चाचणीत वजन जास्त असलेल्यांना पातळ बुटांत दुखापतीचा धोका वाढलेला दिसला. २०२२च्या एका मोठ्या आढाव्यात १२ चाचण्या आणि ११,२४० लोक होते. अमुक प्रकारच्या बुटाने दुखापत टळते असं ठामपणे म्हणण्याजोगं त्यात काही सापडलं नाही. जाड कुशनवाल्या बुटांनाही हे तितकंच लागू आहे, हे मात्र टेकडीवर मला कुणी ऐकवत नाही.

शब्दांचाही गोंधळ होताच. झिरो ड्रॉप म्हणजे टाच आणि चवडा एका उंचीवर. सोल पातळ असेल असं त्यात कुठेही नाही. २०१५मध्ये ११ देशांतल्या ४२ तज्ज्ञांनी मिळून मिनिमलिस्ट, म्हणजे पावलाच्या हालचालीत कमीत कमी आड येणाऱ्या, बुटाची व्याख्या ठरवली आणि वजन, लवचीकता, ड्रॉप (टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक), सोलची जाडी आणि पाऊल आवरणारे आधार अशा पाच गोष्टींवर सारखे गुण ठेवले. तोवर लाट ओसरली होती. 'बेअरफूट शू' हा शब्द मला आजही खटकतो. बूट घातला की पाऊल अनवाणी राहत नाही. आपल्याकडे अनवाणी म्हटलं की नवस बोलून वारीला निघालेली माणसं आठवतात, किंवा नवऱ्याच्या उपचारांसाठी बक्षिसाच्या आशेने बारामतीत नऊवारीत अनवाणी धावलेल्या आजी. काही हजारांच्या खोक्यावर तो शब्द छापलेला पाहून मला बरं वाटत नाही.

२०१४नंतर दुकानांतले कप्पे जाड सोलच्या बुटांनी भरले. २०१७पासून त्यात कार्बन प्लेट, म्हणजे सोलच्या आतली कडक पट्टी, आली आणि २०२०च्या जानेवारीत जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची कमाल जाडी ४० मिलिमीटर ठरवून द्यावी लागली. पाच बोटांचे बूट अजून मिळतात. इतर पातळ बूट आता बहुतेक चालण्यासाठी आणि ऑफिसला घालण्यासाठी विकले जातात, पुढून पसरट, बोटांना जागा देणारे.

मी आठवड्यातले दोन दिवस यांत पळतो, दहा किलोमीटरपर्यंत. त्याहून लांब जायचं असेल तर साधे कुशनवाले बूट घालतो. आत्ताची जोडी चौथी. पहिलीचा सोल टाचेकडे झिजला होता; हिचा अंगठ्याच्या मागे, रुपयाच्या नाण्याएवढा गोल झिजलाय.